रोजमेरीच्या छाटणीचं तेल: आमच्या भट्टीच्या नोंदी

पाचगणीच्या खालच्या अंगाला आमची सहा गुंठे रोजमेरी आहे. पुण्यातल्या हॉटेलांना फक्त कोवळे शेंडे लागतात, चार-पाच इंचांचे. बाकीचा जून पाला आजवर बांधावर पडायचा, नाहीतर गोठ्यात धुरी करायला जायचा. या हंगामात त्याचं तेल काढून बघायचं ठरवलं. हेच काम करू बघणाऱ्यांसाठी या नोंदी. आकडे आमच्या भांड्याचे आणि आमच्या मालाचे आहेत, तुमचे वेगळे येतील.

३ नोव्हेंबर

भांडं आलं. पुण्यात तांबट आळीत करून घेतलं. तांब्याचं, ५० लिटरचं, वर घुमटासारखं झाकण आणि झाकणाच्या बाजूने खाली उतरणारी नळी. "आतून कल्हई करू का?" असं तांबटकाकांनी विचारलं. नको म्हटलं. पाला उकळताना शिजलेल्या कोबीसारखा एक उग्र वास सुटतो, तो गंधकाचा. उघडं तांबं ते गंधक धरून ठेवतं आणि तेल साफ वासाचं येतं.

भांडं-झाकण १८,५०० रुपये. अर्ध्या इंची तांब्याची नळी वेटोळं करून ३,२००. थंड पाण्यासाठी २०० लिटरचं निळं पिंप ९००. तेल वेगळं करायची काचेची सुरई प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून १,१००. भाऊजींचं म्हणणं होतं की स्टीलचा दुधाचा कॅन घेऊन त्यालाच नळी जोडू. आता वाटतं, नुसतं करून बघायचं असेल तर त्यांचं बरोबर होतं.

१० नोव्हेंबर

पहिला घाणा. नऊ किलो पाला, काड्यांसकट, पाण्यात बुडवून चुलीवर चढवला. झाकणाच्या सांध्याला मोठ्या कुकरची रबरी रिंग बसवली होती. दोन तासांत जेमतेम ११ मिलि तेल आलं, तेही पिवळट तपकिरी, आणि वास भाजी तळाला लागल्यासारखा. झाकण काढलं तर तळाशी पाला करपून चिकटलेला. रिंग फुगून दीडपट झाली होती आणि हात लावला की बोटाला काळं लागत होतं. तेलाला करपट वास होताच, त्याच्या मागून सायकलच्या ट्यूबचा वासही येत होता.

रोजमेरीच्या तेलातले पाइनीन, सिनिओल हे घटक रबर विरघळवतात. म्हणजे वाफ जिथे जिथे जाते तिथे रबर आणि मऊ प्लास्टिक अजिबात नको. हे तेल फेकलं.

१४ नोव्हेंबर

तळापासून पाच इंचांवर स्टीलची जाळी बसवली, तिपाईवर. पाणी जाळीच्या खाली, पाला वर. आता पाला पाण्याला शिवत नाही, फक्त वाफ त्यातून जाते. जाळी वेल्डिंगसकट ८५०.

रबराच्या जागी कणिक. घट्ट मळायची, दोरीएवढी वळी करायची, सांध्यावर दाबून बसवायची. भट्टी तापली की ती भाजून दगडासारखी होते. कुठे वाफ सुटलीच तर ओल्या कणकेचा गोळा वरून थापायचा, दोन मिनिटांत बंद. रोज अर्धी वाटी पीठ जातं आणि शेवटी ती भाकरी कुत्रंही खात नाही. कन्नौजचे अत्तरवाले डेगचं, म्हणजे त्यांच्या तांब्याच्या भांड्याचं, झाकण मातीने लिंपतात. आमच्या लाल मातीत वाळू फार, वाळल्यावर तडे जातात, म्हणून कणिकच बरी. नळीच्या आटेजोडाला टेफ्लॉन टेप.

धूर आणि झाकणाला लावलेली नळी बघून गावात व्हायचं ते झालं. पोलीस पाटील चहाच्या निमित्ताने येऊन गेले. सुरईतलं पाणी हुंगायला दिलं तेव्हा हसले, आणि जाताना गुडघ्याला लावायला एक बाटली सांगून गेले.

१८ नोव्हेंबर

थर्मामीटर ९६ अंशांच्या पुढे जाईना. खराब असणार म्हणून वाईतून नवा आणला, ४५० रुपये. तोही ९६. मग डोक्यात प्रकाश पडला. आम्ही समुद्रसपाटीपासून जवळपास १३०० मीटरवर, इथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. तेलाला काही फरक पडत नाही. ज्यांचं शेत घाटावर उंच आहे त्यांनी हे ४५० रुपये वाचवावेत.

२१ नोव्हेंबर

या नोंदीतलं सगळ्यात महत्त्वाचं आज. दहा किलो पाला, करपट वास नाही, गळती नाही, तरी तेल १६ मिलि. अंगणात मात्र रोजमेरीचा घमघमाट. सासूबाई आतून म्हणाल्या, "एवढा वास बाहेर येतोय म्हणजे तेल हवेतच चाललंय ना गं?" तसंच होतं. नळीच्या तोंडाशी हात धरला तर येणारं पाणी चहाइतकं गरम, आणि त्यासोबत थोडी वाफही.

पिंपात थंड पाण्याची नळी मी वरून सोडली होती. गरम पाणी वर तरंगतं, त्यातच थंड पाणी पडून लगेच बाहेर वाहून जायचं, आणि पिंपाचा खालचा भाग तासाभरात कोमट. वाफ वरून खाली येते, म्हणून थंड पाणी खालून वर जायला हवं. पिंपाच्या तळाशी तोटी बसवली, तिथून पाणी आत, वरच्या कडेला भोक पाडून तिथून बाहेर. बाहेर पडणारं पाणी दुसऱ्या पिंपात निवतं आणि टुल्लू पंपाने परत फिरतं. तोटी, पाइप, पंप मिळून २,४००.

त्याच संध्याकाळी, तसाच दहा किलो पाला, तीच आच. २७ मिलि. नळीतून पडणारं पाणी हाताला गारच लागत होतं, आणि अंगणात वास असा काही आलाच नाही. भट्टी नीट चालली आहे का, ते ओळखायची आमची खूण आता हीच: वास येत नसेल तर सगळं ठीक.

आच कमीच ठेवायची. नळीतून मिनिटाला ५० मिलिच्या आसपास पाणी पडलं पाहिजे. धार लागली की लाकडं बाहेर ओढायची.

२९ नोव्हेंबर

पाला भरण्यात गोम आहे. सैल भरला की वाफ एका बाजूने वाट काढते आणि त्याच वाटेने जात राहते. उपसताना मधला पाला काळपट, शिजलेला आणि कडेचा हिरवागार, चुरगळला तर घमघमणारा. म्हणजे कडेचं तेल तसंच राहिलं. आता कोयत्याने बोटभर तुकडे करतो, चार थरांत भरतो आणि प्रत्येक थर पाटाने दाबतो, कडेला जरा जास्त. फार दाबलं की वाफ अडून कणिक उडते, तेही एकदा झालं. दाबायचं किती ते हातालाच कळत जातं, लिहून सांगता येणार नाही.

६ डिसेंबर

काड्या की पान? शेतातून येतो तसा माल आणि काड्या वेगळ्या करून नुसता पाला, दोन्ही दहा-दहा किलो, एकाच दिवशी. काड्यांसकट २६ मिलि, पाल्याचं ४१. तेल पानाच्या खालच्या अंगाला बारीक पिशव्यांत असतं, जून लाकडात जवळपास नसतंच. पण पाला ओरबाडायला बाईमाणसाचा अर्धा दिवस जातो. तडजोड अशी: पेन्सिलीपेक्षा जाड काडी तेवढी तोडून टाकायची, बाकी जाऊ द्यायचं. त्याने ३५ च्या आसपास मिळतं.

आदल्या दिवशी कापून सावलीत एक रात्र पसरलेला माल ताज्यापेक्षा बरा. पाणी उडतं, भांड्यात जास्त मावतो, सरपण तेवढंच. उन्हात मात्र नाही. आणि दव पडलेला ओला पाला ढीग करून ठेवला तर दुसऱ्या दिवशी आत हात घालवत नाही इतका तापतो.

निम्म्याहून जास्त तेल पहिल्या पाऊण तासात येतं. दोन तासांनंतर जे येतं ते लाकडाच्या किमतीचंही नाही. आम्ही पावणेदोन तासांवर थांबतो.

१३ डिसेंबर

सुरईतल्या पाण्याला हिरवट झाक. भट्टी आठवडाभर बंद होती, वेटोळ्यात ओल राहून तांब्याला हिरवं चढलं होतं. वरून दिसत नाही, नळी आतून बघणार कशी? चिंच-मीठ लावून भांडं लख्ख झालं, पण वेटोळ्यात ते पोचत नाही. लिंबूसत्व घातलेलं गरम पाणी दोनदा सोडलं, मग पाला न घालता नुसती वाफ अर्धा तास. आधीच्या घाण्याचं पाणी ओतून दिलं, कारण ते चेहऱ्यावर मारायला मागणारे आहेत आणि तांब्याचे क्षार कुणाच्या डोळ्यात जायला नकोत. शेवटी वेटोळं स्टीलचं करून घेतलं, ४,६०० रुपये. भांडं तांब्याचं आणि वेटोळं स्टीलचं, हे पहिल्यापासूनच करावं.

२० डिसेंबर

तेल गढूळ दिसतं ते पाण्यामुळे. सुरईत रात्रभर ठेवायचं, खालचं पाणी सोडायचं, मग तेल काचेच्या बाटलीत फ्रीजरमध्ये. उरलेलं पाणी बर्फ होऊन तळाला धरतं, तेल पातळच राहतं, ते वरून ओतून घ्यायचं.

बाटल्या तपकिरी काचेच्या, काठोकाठ भरलेल्या. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत हवा, हवेने तेल जुनं होतं आणि जुनं तेल कातडीला जास्त झोंबतं. ड्रॉपरच्या बाटल्या दिसायला छान, म्हणून शंभर आणल्या होत्या, १,४०० रुपयांच्या. पंधरवड्यात ड्रॉपरच्या रबरी टोप्या चिकट झाल्या. रबराचं हे माहीत असून आणल्या, त्याला काय म्हणायचं. आता थेंब पाडणारी आतली टोपी असलेल्या घेतो.

ताज्या तेलाला कच्चा, गवतासारखा वास असतो. तो तीन-चार आठवड्यांत बसतो, त्याआधी कुणाला नमुना देऊ नका.

अजून एक. हे तेल चाळीस-पंचेचाळीस अंशांना पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. सुरई चुलीपासून लांब, मध्ये भिंत हवी. आम्ही ती गोठ्याच्या पलीकडे नेली.

९ जानेवारी

जीसीचा, म्हणजे तेलात कोणता घटक किती ते मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफी तपासणीचा, अहवाल आला. तपासणीचे २,८०० रुपये. कापूर २७ टक्के, सिनिओल २४, अल्फा-पाइनीन ११, बाकी कॅम्फीन, बोर्निऑल वगैरे. सासूबाईंनी पहिल्या दिवशीच "देवघरातला वास" म्हटलं होतं ते उगाच नाही.

विकायचं झालं तर हे आकडे मध्ये येतात. रोजमेरीच्या तेलाच्या मानकात दोन प्रकार धरले आहेत. मोरोक्को-ट्युनिशियाकडच्या तेलात सिनिओल ३८ ते ५५ टक्के आणि कापूर कमी. स्पेनच्या तेलात सिनिओल १६ ते २५, कापूर १३ ते २१ आणि पाइनीन १८ ते २६. आमचं दोन्हींत बसत नाही. वाईट आहे असं नाही, रोप, माती, कापणीची वेळ यांनी ते ठरतं. फ्रान्स-कॉर्सिकाकडे व्हर्बेनोन नावाचा घटक असलेलंही तेल निघतं, ते कातडीला सौम्य म्हणून महाग विकलं जातं. आपलं रोप कोणत्या घराण्याचं आहे ते लागवडीआधीच विचारायला हवं होतं. आमची कलमं नर्सरीतून "रोजमेरी" एवढ्याच नावाने आलेली. एका व्यापाऱ्याने अहवाल बघून घाऊक दर किलोला साडेतीन हजार सांगितला आणि "मानकात नाही" म्हणून त्यातूनही कमी केला.

२२ जानेवारी

शेजारच्या स्ट्रॉबेरीवर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पडला होता. रोजमेरीचं तेल कोळ्यावर चालतं, अमेरिकेत ते कमी जोखमीच्या कीडनाशकांच्या यादीतही आहे, म्हणून दोन ओळी मागून घेतल्या. लिटरला ५ मिलि तेल, २ मिलि मऊ साबण, फेस येईपर्यंत ढवळून सकाळी दहाला फवारलं. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपलेल्या. कोळी कमी झाला होता, पण शेजाऱ्यांचा चेहराही उतरला होता. दुसऱ्या ओळीवर लिटरला २ मिलि, संध्याकाळी. पानं शाबूत, कोळी कमी. पाच दिवसांनी परत दिसू लागला, कारण तेल उडून जातं आणि अंडी तशीच राहतात. दर चार-पाच दिवसांनी मारायचं तर दोन ओळींना ठीक आहे, एकराला परवडणार नाही. साबण न घालता फवारू नका, तेल पाण्यात मिसळत नाही, जिथे थेंब पडतो तिथे पान जाळतो. तेलासोबत येणारं नुसतं पाणीही मारून पाहिलं, कोळ्याला काही झालं नाही.

४ फेब्रुवारी

केसांचं. ओळखीतले अर्धे लोक त्यासाठीच बाटली मागतात, म्हणून नीट लिहिते.

२०१५ साली इराणमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. पुरुषांना येतं तशा टकलाचे शंभर जण, निम्म्यांना रोजमेरीचं तेल, निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे टकलावर लावायचं औषध. तीन महिन्यांत दोन्हीकडे फरक नाही. सहा महिन्यांनी दोन्हीकडे केस वाढलेले आणि दोघांत फारसा फरक नाही. नुसतं साधं तेल लावणारा तिसरा गट त्यात नव्हता. म्हणजे काहीतरी होत असावं, पण सहा महिने रोज लावायची तयारी हवी. पंधरा दिवसांत केस आले असं जो सांगतो त्याच्याकडून बाटली घेऊ नये, आमच्याकडूनही.

दुसरं, खोबरेल तेलात रोजमेरीच्या काड्या उकळून जे बनतं ते वेगळं. त्यात किती काय उतरलं ते कुणालाच माहीत नसतं. भट्टीचं तेल त्याच्या कितीतरी पट जहाल असतं. १०० मिलि खोबरेलात २ मिलि, म्हणजे सुमारे चाळीस थेंब, एवढंच. इथे थंडीत खोबरेल थिजतं, म्हणून अर्धं तिळाचं घालतो. तेल आधी कोमट करून चुलीवरून उतरवायचं, मग थेंब घालायचे. चुलीवर असताना घातले तर वास घरभर पसरतो, केसांपर्यंत फार पोचत नाही, आणि पेटण्याची भीती वेगळी. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. नणंदेने थांबायचं सोडून न मिसळलेलं तेल सरळ भांगात चोळलं, दोन दिवस डोकं लाल.

लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि फिट येणाऱ्यांना हे तेल आम्ही देत नाही. २७ टक्के कापूर म्हणजे गंमत नाही. लहान बाळाच्या नाकाशी तर बाटली नेऊच नये, कापूर आणि सिनिओल दोन्हींनी श्वासाला त्रास होऊ शकतो. पोटात घ्यायचं तर कुणीच नाही.

१५ फेब्रुवारी

हिशेब. एका घाण्याला सरपण १७० रुपये, मजुरी २५०, कणिक-पंप-वीज धरून ४४० च्या आसपास. तेल ३५ मिलि. म्हणजे मिलिला साडेबारा रुपये, भांड्याची किंमत न धरता. घाऊक दराने त्याच मिलिचे सव्वातीन रुपयेही मिळत नाहीत. मोरोक्को-ट्युनिशियाच्या कोरड्या डोंगरावर टनावारी कापून मोठ्या बॉयलरवर काढलेल्या तेलाशी आपल्या चुलीने बरोबरी करायची नाही. रोजमेरी मुद्दाम तेलासाठी लावायचा विचार कुणी करत असेल, तर सहा-दहा गुंठ्यांत तो सोडावा. छाटणी फुकट जाते आणि घरचं माणूस मोकळं आहे, एवढ्याच हिशेबात हे बसतं.

किरकोळीत बाटली लावून विकलं तर पैसे सुटतात. पण केसांचं तेल म्हणून विकायचं तर ते सौंदर्यप्रसाधन ठरतं, २०२० च्या नियमांप्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो, आणि गोठ्याशेजारी तो मिळणार नाही. तेव्हा सध्या ओळखीत वाटप आणि घरचा वापर.

१ मार्च

तेलासोबत येणारं पाणी हॉटेलवाल्यांनी मागितलं, सरबतात, टॉवेलवर वगैरे. एका घाण्याला पाच लिटर येतं, त्यामुळे खुशीत होतो. पहिल्या खेपेच्या बाटल्यांत तीन आठवड्यांनी कापसासारखे तंतू तरंगायला लागले. बाटल्या नुसत्या धुतलेल्या होत्या. आता उकळलेल्या बाटल्या, भट्टीखालून थेट भरून झाकण, आणि लगेच फ्रीज. बाटलीवर तारीख घालतो आणि महिन्याच्या वर ठेवू नका असं सांगतो. सरबतासाठी मात्र देत नाही. तांब्याच्या भांड्यातून आलेलं ते पाणी खाण्याजोगं आहे असं लिहून द्यायची माझी तयारी नाही. टॉवेलवाल्यांनी घेतलं.

१२ मार्च

पिंपातलं पाणी दुपारी तीस अंशांच्या वर जायला लागलं, तेल उतरलं २९ वर. पहाटे पाचला भट्टी लावून बघितली, ३४. पण पहाटे पाचला मजूर येत नाही. भट्टी दिवाळीपर्यंत बंद. पावसाळ्यात रोजमेरीला इथे जीव धरायलाच कष्ट पडतात, वाफे उंच केले तरी गेल्या साली मुळकुजीने एक कोपरा बसला होता. त्यामुळे जूनच्या आधी एक हलकी छाटणी करून घेतो आणि तो पाला सुकवून पोत्यात भरतो. सुकलेल्या पाल्यातून किलोमागे किती उतरतं ते नोव्हेंबरात कळेल. औषधी दर्जाच्या सुक्या पानात किलोला किमान १२ मिलि असावं असा युरोपचा निकष आहे. आपलं त्याच्या जवळपास गेलं तर हंगामाबाहेरचा माल असाच साठवता येईल.

भांडं तोवर खालच्या गावातल्या गवती चहावाल्यांनी भाड्याने मागितलं आहे. वेटोळं धुऊन परत द्यायचं, या अटीवर देतोय.